आठशे रुपयांचा जुना आर्चर सी७: खोकं नको, तळाचा स्टिकर बघा

निकाल आधीच सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. टीपी-लिंकचा आर्चर सी७ हा वाय-फाय राउटर, तोही व्ही२ (म्हणजे दुसरी आवृत्ती), मी वापरलेला घेतला. आठशे रुपयांना. मागच्या खोलीसाठी तो झकास आहे. घरातला एकमेव राउटर म्हणून मी तो घेतला नसता, आणि कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवर तर एक रात्रही चालू ठेवला नसता. हे पटत असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. ज्यांच्या मनात ओएलएक्सवरची एखादी जाहिरात घोळतेय, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, नव्वदच्या सुमाराच्या इमारतीत. आगगाडीसारखं लांबलचक: पुढे हॉल, मग स्वयंपाकघर, मग बोळ आणि शेवटी मागची खोली. भिंती विटांच्या, जाडजूड. फायबर हॉलमध्ये येतं आणि केबलवाल्याने लावलेला डबा तिथेच टीव्हीच्या वर आहे. प्लॅन २०० एमबीपीएसचा. पण डब्याचं वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, आणि आमच्या मजल्यावरच प्रत्येक घरात एकेक असाच डबा. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळे घरी आले की मागच्या खोलीत सहा-आठ एमबीपीएस मिळायचे, तेही लहरीवर. मी आठवड्यातले काही दिवस घरून काम करते, हिशेबाचं. त्याच खोलीत सासूबाई मोबाइलवर मालिका बघतात. माझी मीटिंग अडकली की त्यांची मालिकाही अडकायची, त्यामुळे घरात निदान या एका बाबतीत एकमत होतं.

केबलवाल्याचा सल्ला ठरलेला. "मॅडम, एक रिपीटर लावा ना." साधा रिपीटर ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. आणि मुळात बोळाच्या तोंडाशीच सिग्नल मरत असेल तर तो बिचारा कशाची पुनरावृत्ती करणार? मला हवी होती मागच्या खोलीपर्यंत एक वायर, आणि त्या वायरीच्या टोकाला कमी गर्दीच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचं वाय-फाय देणारं काहीतरी.

माझा मुलगा इंजिनीअरिंगला आहे. त्याचं म्हणणं, "आई, जुनं कशाला? अजून थोडे घाल, नवा येतो." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गिगाबिट पोर्ट (वायर लावायची १००० एमबीपीएसची तोंडं) असलेला नवा एसी१२०० (एसी ही वाय-फाय ६च्या आधीची पिढी, पुढचा आकडा कागदावरच्या वेगाचा) दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो, वाय-फाय ६चा साधा साडेतीन हजारांच्या घरात. म्हणून मी स्वतःपुरता नियम केला. जुना राउटर नव्याच्या एक तृतीयांश किमतीत मिळाला तरच बघायचा, आणि त्याला आजही कुणीतरी सुरक्षेचे अपडेट देत असेल तरच घ्यायचा. पहिल्या अटीत बाजारातला बराच माल बसतो. दुसऱ्या अटीवर जवळजवळ सगळा गळतो.

काय काय गळतं ते सांगते. सर्वांत स्वस्त असतात एडीएसएलच्या जमान्यातले डबे, फोनची बारीक पिन लागणारे. बीएसएनएलचं ब्रॉडबँड तांब्याच्या तारेवरून यायचं तेव्हाचे. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात त्यांची चळत लागली होती आणि दुकानदार "वाय-फाय आहे ना त्यात" म्हणून समजावत होता. वाय-फाय आहे, खरंय. पण त्याचं येणारं तोंड टेलिफोनच्या तारेचं, आणि बाकीचे पोर्ट १०० एमबीपीएसचे. त्यानंतर फायबर कंपन्यांनी ग्राहकांना दिलेले डबे. दोनशे-तीनशे रुपयांत विकायला असतात. बऱ्याचदा ते कंपनीच्या मालकीचे असतात, विकणाऱ्याने परत करायचे राहिलेले, आणि त्याच कंपनीच्या जाळ्याला बांधलेले. हात लावू नका.

मग येतो टीएल-डब्ल्यूआर८४१एन. दोन अँटेनांचा पांढरा. भारतात हा कुणाच्या घरी नव्हता ते विचारा. आजही पाचशेच्या आत मिळतो. पण त्याच्या बहुतेक आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि ३२ एमबी रॅम (ते चालवायची जागा) आहे. कंपनीचे अपडेट थांबले की तिच्या सॉफ्टवेअरच्या जागी ओपनडब्ल्यूआरटीसारखं मुक्त सॉफ्टवेअर टाकता येतं, पण एवढ्याशा जागेत ते आज मावतच नाही. पोर्टही १००चे, ५ गिगाहर्ट्झ नाहीच. आणखी एक फसवी जात आहे: आर्चर सी२० किंवा सी५०. खोक्यावर एसी७५०, एसी१२०० असं मोठ्या अक्षरात, आणि मागचे पोर्ट मात्र १०/१००चे. हवेत कितीही वेग असो, वायरीतून शंभराच्या वर काही येणारच नाही. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला ठीक, माझ्या २००ला नाही.

असं करत करत यादीत आर्चर सी७ उरला. २०१३च्या सुमाराचं मॉडेल, एसी१७५०. हा १७५० आकडा म्हणजे ४५० आणि १३०० यांची बेरीज: २.४ वर ४५०, ५ गिगाहर्ट्झवर १३००. कुठल्याही एका फोनला हे १७५० कधीच मिळत नाहीत. १३०० साठी समोरच्या उपकरणातही तीन अँटेना लागतात. सहसा फोनमध्ये दोन असतात, म्हणजे कागदावर ८६७, आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेवढ्यातही माझे दोनशे आरामात बसतात. पाचही पोर्ट गिगाबिट. फ्लॅश १६ एमबी, रॅम १२८ एमबी. ओपनडब्ल्यूआरटीवाले आज आरामात चालण्यासाठी जेवढं मागतात नेमकं तेवढं.

ओपनडब्ल्यूआरटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर २००२च्या अखेरीस आला. त्यात लिनक्स ही मुक्त परवान्याची प्रणाली वापरलीय हे लोकांच्या लक्षात आलं आणि परवान्याच्या अटीनुसार कंपनीला २००३मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. आज ते शेकडो राउटरांवर चालतं, आणि कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या डब्यांना अजून अपडेट देतं. २४.१० ही आवृत्ती फेब्रुवारी २०२५मध्ये आली आणि सी७ व्ही२ तिच्यात आहे.

आता स्टिकर. 'आर्चर सी७' या एकाच नावाखाली व्ही१ ते व्ही५ असे वेगवेगळे राउटर विकले गेले. बाहेरून भाऊ-भाऊ, आतून बराच फरक. व्ही१मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या क्वालकॉम चिपची पहिलीवहिली आवृत्ती आहे आणि तिला मुक्त ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) चालत नाही. म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी टाकलं की ५ गिगाहर्ट्झ गायब, ज्यासाठी घेतला तेच नाही. व्ही२पासून ही चिप सुधारली. व्ही५चा प्रोसेसर किंचित नवा, पण त्यात दोनऐवजी एकच यूएसबी. जाहिरातीत यातलं काही नसतं. असतं ते 'एकदम नवा, गेमिंगसाठी बेस्ट'. म्हणून विकणाऱ्याला पहिला निरोप एकच धाडायचा: तळाच्या स्टिकरचा फोटो पाठवा. पाठवला नाही तर पुढे बोलूच नये. मी तिघांना विचारलं होतं. एकाचा व्ही१ निघाला, एकाने "फोटो काय करायचाय, चालू आहे ना" म्हणून उत्तरच दिलं नाही, तिसरा ठाण्याचा. त्याने फोटोही दिला आणि मूळ अ‍ॅडॅप्टर आहे हेही न विचारता सांगितलं.

मूळ सॉफ्टवेअरबद्दल माझा एवढा आग्रह का, तर याच मॉडेलची ताजी हकिगत आहे. सी७ (ईयू, म्हणजे युरोपसाठीच्या) व्ही२च्या 'पॅरेंटल कंट्रोल' पानात सुरक्षेचं एक भोक सापडलं, नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२५-९३७७. लॉगिन मिळालेला माणूस त्यातून राउटरवर हवी ती आज्ञा चालवू शकतो. डब्ल्यूआर८४१एनच्या व्ही९मध्येही तेच. आणि त्याच ८४१एनमध्ये लॉगिनचे तपशीलच बाहेर काढता येतील असं आणखी एक जुनं भोक आहे. अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने सप्टेंबर २०२५मध्ये ही दोन्ही 'प्रत्यक्षात वापरली जात आहेत' अशा यादीत टाकली. हे राउटर केव्हाच कंपनीच्या सेवेबाहेर गेलेले, तरी टीपी-लिंकने त्यांच्यासाठी दुरुस्ती काढली, हे कौतुकाचंच. पण ती आपण होऊन कुणी शोधून टाकणार आहे का? त्याआधी मे २०२५मध्ये एफबीआयनेही इशारा दिला होता. लिंक्सिसचे ई१२००, ई२५०० वगैरे मुदत संपलेले राउटर ताब्यात घेऊन चोरटे त्यांच्यामागे लपतात, आणि त्या वाटा पैसे घेऊन दुसऱ्यांना वापरायला देतात. आपल्या घरच्या पत्त्यावरून कुणीतरी तिसराच उद्योग करतोय आणि आपल्याला नुसतं 'नेट जरा स्लो आहे' एवढंच वाटतं. बँकेचं काम याच राउटरवरून होत असेल तर आठशे वाचवण्याचा आनंद किती टिकेल ते बघा.

ठाण्याला विकणाऱ्याच्या सोसायटीत गेले तेव्हा लॅपटॉप आणि एक चांगली नेटवर्क केबल सोबत घेतली होती. मुलगा बरोबर होता, पण तो विकणाऱ्याच्या मांजराशी खेळण्यात दंग. मी आधी रीसेट दाबून धरला. असं केल्याने आधीच्या मालकाचा पासवर्ड, दूरवरून चालवायची सोय, कुणी बदललेला डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर), सगळं धुऊन निघतं. मग १९२.१६८.०.१ वर जाऊन आतल्या पानावरही 'आर्चर सी७ व्ही२' लिहिलंय ना ते पडताळलं. केबल एकेका पोर्टला लावून लॅपटॉपवर १.० जीबीपीएस दिसतं का पाहिलं. चार नंबरच्या पोर्टला जोडणी जरा सैल वाटली, तिथेच शंभर रुपये उतरले. ५ गिगाहर्ट्झवर फोन जोडून जिन्यात एक मजला खाली गेले. हातात घेऊन हळूच हलवला, आत काही खुळखुळत नाही ना. अ‍ॅडॅप्टर वीस मिनिटं लावून ठेवून हाताने पाहिला: कोमट, चटका नाही. जुन्या राउटरमध्ये आधी सहसा अ‍ॅडॅप्टरच जातो. राउटर दर पाच-दहा मिनिटांनी स्वतःहून चालू-बंद होत असेल तर संशय तिथे घ्यायचा.

"ताई, तुम्ही दुकान चालवता का?" असं विचारलं त्याने. नऊशेवर अडला होता, आठशेला दिला.

घरी आल्यावर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं. हे काम वाटतं तेवढं भीतीदायक नाही, पण डोळे मिटून करण्यासारखंही नाही. व्ही२साठी साधी, ईयू आणि यूएस (अमेरिका) अशा वेगळ्या 'फॅक्टरी' फाइली, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरवर पहिल्यांदा टाकायच्या, आहेत, आपल्या डब्याची बघून घ्यावी. जुनं पान लांबलचक नावाची फाइल नाकारतं, नाव छोटं करून द्यायचं. टाकताना वीज गेली तर डबा मुका होतो. त्यावरही बऱ्याच डब्यांत उपाय आहे: लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता देऊन, रीसेट दाबून धरून टीएफटीपीने (केबलवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) फाइल भरवायची. मला ती वेळ आली नाही, कारण राउटर इन्व्हर्टरवर लावला होता. पहिल्यांदा चालू झाल्यावर वाय-फाय बंदच असतं आणि पासवर्ड नसतो, म्हणून केबल लागतेच. बरेच जण इथे 'बिघडला' म्हणून हातपाय गाळतात. देश 'भारत' निवडावा, पासवर्ड घालावा, मग वाय-फाय सुरू करावं. सुरक्षेला मी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या कुलपाची जुनी आणि नवी पद्धत) असं मिश्र ठेवलंय. सी७सोबत आलेल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये डब्ल्यूपीए३ नव्हतंच. आमचा म्हातारा प्रिंटर या मिश्रणाला बिचकला, त्याच्यासाठी २.४ वर साधं डब्ल्यूपीए२ वेगळं काढून दिलं.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि माझ्या निकालाचं कारणही तोच. हा राउटर मी राउटर म्हणून वापरतच नाही. घराचा मुख्य डबा हॉलमधला केबलवाल्याचाच. लॉगिन, मॅक पत्त्याची (प्रत्येक उपकरणाच्या ओळख-क्रमांकाची) बांधणी, सगळी त्याची कटकट त्याच्याकडे. सी७ मागच्या खोलीत फक्त वाय-फाय पसरवतो. त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ होता, म्हणून याचा बदलून १९२.१६८.१.२ केला. हॉलमधून आलेली वायर निळ्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टला नाही, साध्या लॅन (घरातल्या जाळ्याच्या) पोर्टला लावली. सी७चा प्रोसेसर आजच्या मानाने दुबळा आहे. ओपनडब्ल्यूआरटीवर सगळ्या घराच्या रहदारीचं भाषांतर (घरातले पत्ते आणि बाहेरचा पत्ता जुळवण्याचं काम) त्याच्याकडून करून घ्यायचं म्हटलं तर दोनशे-तीनशे एमबीपीएसच्या पुढे त्याला दम लागतो. नुसतं वाय-फाय पसरवायला मात्र तेवढा दम लागतच नाही. म्हणून ज्यांच्याकडे ५०० किंवा १०००चा प्लॅन आहे आणि हाच एकमेव राउटर ठेवायचाय, त्यांनी मुलाचं ऐकावं. माझ्या मुलाचं.

वायरीत एक गंमत झाली. केबलवाल्याचा पोरगा बोळातून वायर ओढून गेला, छान क्लिपा मारून. मोजलं तर ९४ एमबीपीएस. हा आकडा दिसला की समजायचं, कुठेतरी १००ची जोडणी आहे. टोकाची पिन उजेडात धरून पाहिली तर आठपैकी चारच तारा दाबलेल्या. १००ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. आमच्याकडे हे सर्रास होतं. उरलेल्या चार तारा दुसऱ्या कनेक्शनला वापरता येतात ना! त्याला बोलावून आठही दाबून घेतल्या. "एवढं बारीक कोण बघतं, मॅडम," म्हणाला. पण करून दिलं.

आता मागच्या खोलीत फोनवर १८०च्या आसपास मिळतात, संध्याकाळीही. सासूबाईंची मालिका आणि माझी मीटिंग एकाच वेळी चालतात, त्यामुळे मालिकेतल्या सासूचे संवाद माझ्या मीटिंगमध्ये ऐकू जाऊ लागले आहेत. त्यावर ओपनडब्ल्यूआरटीत उपाय नाही. ५ गिगाहर्ट्झ बोळाच्या निम्म्यापर्यंत येतं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीशी हात टेकतं. तिथून पुढे फोन आपोआप हॉलच्या डब्याकडे जातो. दोन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवलाय. कॉलवर बोलत चाललं तर मधे क्षणभर खंड पडतो, कधी पडतही नाही.

तक्रारी आहेत. वरचा भाग चकचकीत काळा, धूळ आणि बोटांचे ठसे सारखे दिसतात. उन्हाळ्यात चांगला तापतो. कपाटावर उताणा ठेवला होता, आता भिंतीला टांगलाय. यूएसबी २.०ला पेनड्राइव्ह लावून घरातले फोटो ठेवावेत असं मनात होतं, पण इतकं संथ चालतं की नाद सोडला. आणि विजेचा प्रश्न. महावितरणची वीज देखभालीसाठी गेली की पुढचा डबा राउटरच्या छोट्या यूपीएसवर चालतो. तसलाच दुसरा मागे लावायला गेले, तर सी७ व्ही२च्या अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट, २.५ अँपिअर लिहिलेलं आणि बाजारातले बरेच छोटे यूपीएस १२ व्होल्ट, २ अँपिअरचे. यूएसबीला काही लावलं नसेल तर एवढा प्रवाह तो ओढत नाही, पण काठावर चालवायला मला आवडत नाही. शोधून ३ अँपिअरचा घेतला. त्याची किंमत राउटरपेक्षा जास्त पडली, हे मुलाने घरी आलेल्या प्रत्येकाला सांगितलंय.

भाव करताना माझं गणित असं: व्ही२ मूळ अ‍ॅडॅप्टरसह असेल तर सातशे-आठशे, अ‍ॅडॅप्टर नसेल तर पाचशेच्या वर नाही. व्ही५ चांगल्या स्थितीत असेल तर हजारापर्यंत. बाराशेच्या पुढे कुठलाच सी७ नको, तिथून थोडे घातले की नवा येतो, वॉरंटीसकट. स्टिकर खरवडलेला असेल तर भावही विचारू नका. आणि व्ही१ फुकट देतो म्हणाला तरी त्याच्या तीन अँटेना फक्त काढून घ्या. त्या आट्यांच्या आहेत, व्ही२ला बसतात.